देवळी कुणाची?

मार्च उजाडला की जुळे सोलापुरातल्या रिकाम्या प्लॉटांवर टिटवी ओरडू लागते. प्लॉटच्या चार कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, मधे वेडी बाभूळ, जरासं गाजरगवत, शेजारच्या बांधकामाचा राडारोडा. त्या खडीतच चार अंडी. खडीच्याच रंगाची, मातकट, वर काळे ठिपके. घरटं म्हणावं असं काही नसतंच, फार तर पायाने उकरलेला खळगा आणि कडेला चार खडे. पण कुत्रं, मांजर, स्कूटर किंवा क्रिकेटचा चेंडू शोधायला आलेलं पोर जवळ गेलं, की ही मूठभर पाखराची जोडी असा गहजब करते की गल्ली जागी व्हावी. प्लॉटच्या मालकाचं नाव कागदावर दुसरंच असतं. टिटवीला ते मान्य नसतं.

टिटवीचा हा हट्ट पंचतंत्राइतका जुना. तिथे समुद्राने अंडी नेली म्हणून टिटवीची जोडी थेट समुद्राशी भांडायला निघते. आभाळ कोसळू नये म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, ही गावाकडची थट्टाही त्याच स्वभावाची. एवढ्याशा जिवाने जगात आपली जागा ठरलेली आहे असं मानावं, याचं माणसाला हसू येतं. आपण स्वतः तेच मानतो, हे मात्र हसताना लक्षात येत नाही.

प्रत्येक जिवाची जगात एक जागा असते का? असेल, तर ती कुणी ठरवली? धर्माच्या दारातला हा जुना प्रश्न गेली शंभर वर्षं जीवशास्त्राच्या दारातही उभा आहे. तिथे त्याला इंग्रजीत ‘निश’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ भिंतीतला कोनाडा. युरोपातल्या इमारतींत मूर्ती ठेवायला असतो तसा. आपल्याकडे त्याला त्याहून नेमका शब्द आहे, देवळी. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीतली, कमान असलेली, दिव्याच्या काजळीने काळवंडलेली देवळी. तिच्यात बसेल एवढाच देव बसतो आणि एका देवळीत दोन गणपती कुणी मांडत नाही. उपमा झकास आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: देवळी गवंड्याने आधी बांधली आणि देव नंतर आला. सगळा घोळ इथून सुरू होतो.

शास्त्रात हा शब्द रुजवला कॅलिफोर्नियाच्या जोसेफ ग्रिनेल यांनी. 1917 साली त्यांनी थ्रॅशर नावाच्या एका पक्ष्यावर निबंध लिहिला. हा पक्षी झुडपांच्या दाटीत जमिनीलगत वावरतो, धोका दिसला की उडण्यापेक्षा पळतो, आणि झुडपं संपतात तिथे तोही संपतो. ग्रिनेल यांच्या लेखी निश म्हणजे जवळजवळ पत्ता: कसली झाडी, किती ऊब, किती ओल. दहा वर्षांनी, 1927 मध्ये, इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी पत्ता बाजूला सारला आणि धंदा विचारला. त्यांचं उदाहरण नमुनेदार आहे. उत्तर ध्रुवाकडचा कोल्हा समुद्रपक्ष्यांची अंडी पळवतो आणि अस्वलाने मारलेल्या सीलचं उरलंसुरलं खातो. आफ्रिकेतला तरस शहामृगाची अंडी पळवतो आणि सिंहाने मारलेल्या झेब्र्याचं उरलंसुरलं खातो. एक बर्फात, एक उन्हात, पण गावकीतलं काम एकच. गावातून गुरव चालला म्हटलं की ऐकणाऱ्याला नुसता माणूस दिसत नाही, देऊळ, बेल, नैवेद्य असं सगळं त्याच्यामागून येतं. प्राण्याचं नाव घेतानाही तसंच व्हावं, असं एल्टन यांचं म्हणणं. त्यांनी दाखला अर्थात विलायती पाद्र्याचा दिला होता.

सोलापूरकराला यात कसलाच नवेपणा वाटू नये. ज्यांच्या नंदीध्वजांमागे दर संक्रांतीला अख्खं शहर चालतं ते शिवयोगी सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातल्या शरणांच्या परंपरेतले. त्या परंपरेचा कणा म्हणजे ‘कायक’. अंगमेहनतीचं, प्रामाणिक, जगाला उपयोगी पडणारं काम हीच पूजा. माणूस कोण, याचं उत्तर तो काय करतो यात. सिद्धरामांचं कायक तळं खोदण्याचं होतं आणि ते तळं आजही शहराच्या मधोमध पाण्याने भरलेलं आहे. पत्ता की धंदा या वादात एल्टन आणि शरण एका बाजूला बसतात.

तिसरी व्याख्या गणिताची. जी. एव्हलिन हचिन्सन हे येल विद्यापीठातले तळ्यांचे अभ्यासक. 1932 साली ते लडाखच्या तलावांवर येऊन गेले होते. 1957 मध्ये त्यांनी सुचवलं की तापमानाचा एक अक्ष धरा, ओलाव्याचा दुसरा, भक्ष्याच्या आकाराचा तिसरा, आणि असे लागतील तेवढे अक्ष मांडत जा. त्या अनेक मितींच्या अवकाशात ज्या भागात एखादी जात तगू शकते तो भाग म्हणजे तिची निश. कागदावर काढता येणार नाही अशी देवळी! हचिन्सन यांनी आणखी एक फोड केली, आणि ती फार कामाची आहे. एखादी जात जगू शकेल एवढी जागा वेगळी आणि इतरांच्या गर्दीत तिच्या वाट्याला खरोखर येते ती जागा वेगळी. दुसरी नेहमी पहिलीच्या आत.

गर्दीचं म्हणाल तर रशियाच्या जी. एफ. गाउसे यांनी 1934 मध्येच काचेच्या नळ्यांत पॅरामेशियमच्या दोन जाती एकत्र वाढवून दाखवल्या होत्या. वेगवेगळ्या नळीत दोघी सुखाने नांदल्या. एकाच नळीत, एकाच खाण्यावर ठेवल्या तेव्हा एक उरली, दुसरी संपली. एकाच देवळीत दोघांना तगता येत नाही. निसर्गात जुळे सोलापूर नसतं, असं म्हटलं तरी चालेल. आणि खरं तर शहरातही नाही. नाव जुळ्याचं असलं तरी या वसाहतीचं जगणं गिरण्या आणि पेठांच्या जुन्या सोलापूरपेक्षा वेगळंच आहे.

या व्याख्यांची खरी परीक्षा जुळे सोलापुरापासून तासाभराच्या आत, बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला होते. तिथला माळ महाराष्ट्राला ठाऊक झाला तो माळढोकामुळे. मीटरभर उंच, नर तर पंधरा किलोपर्यंत भरणारा. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके जड थोडेच. पावसाळ्यात नर माळाच्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून लोंबकळती सोडतो आणि घुमतो. तो आवाज माळावर दूरवर जातो, पण मादीला नुसता आवाज पुरत नाही, नर दिसावाही लागतो. मधे झाडी नको. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि एकटीच पिल्लू वाढवते. खाणं म्हणाल तर नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, आणि शेतात उतरला की हरभरा, भुईमूग.

आता माळढोकाची देवळी आखायची कशी? सरकारने ती 1979 मध्ये नकाशावर आखली. अभयारण्य सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं, क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर. त्यात तालुके आले, बाजारपेठा आल्या, उसाचे फड आले, हजारो खातेदार आले. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली, आणि ज्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता तो शेतकरीही त्याच्या नावाने बोटं मोडू लागला. पुढे ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. हसण्यासारखं असलं तरी पहिल्या आखणीमागचं कारण खोटं नव्हतं. माळढोक एका कुरणात राहत नाही. विणीपुरता तो नान्नजसारख्या माळावर येतो आणि एरवी मैलोनमैल पांगतो. ज्याचा पत्ता वर्षभर बदलत राहतो त्याला पत्त्याने वाचवायला निघालं की नकाशा असा फुगतो.

दुसरीकडे कुंपण घालून सांभाळलेल्या तुकड्यांत नेमकं काय सांभाळायचं हा पेच. माळ दिसतो एकसारखा, पण गवताच्या उंचीनुसार त्याच्या अनेक खोल्या आहेत. चरून भुंडी झालेली जमीन धाविक पक्ष्याला आवडते. नाचायला आखूड गवताचा मोकळा उंचवटा माळढोकाला हवा. गवत कमरेला लागू लागलं की तो तणमोराचा प्रांत, गवतातून उंच उड्या मारून मादीला खुणावणाऱ्या पाखराचा. म्हणजे शेळ्या-मेंढ्या फार झाल्या तर माळ जातो आणि त्या अजिबात आल्या नाहीत तरी माळाचं रूप पालटतं. ओसाड माळ म्हणून तिथे झाडं लावली तर विचारूच नका. वृक्षारोपणाचं पुण्य सरसकट नसतं, हे सांगितलं की भली माणसं दुखावतात. पण झाडांनी भरलेला माळ ही माळढोकाच्या दृष्टीने भिंत घालून बुजवलेली देवळी आहे.

या देवळीचे काही कोपरे तर शेतकऱ्याने घडवलेले होते. कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभरा, मधे पडीक, बांधावर बोरी. ही शेती आणि माळ मिळून माळढोकाचं घर होतं. याच नान्नज गावाचं दुसरं नाव द्राक्षासाठी घेतलं जातं. सोनाका ही लांब मण्याची जात इथल्याच नानासाहेब काळे यांच्या बागेतली. कोरड्या मुलखातल्या माणसाने अकलेने आणि थेंबाथेंबाने फुलवलेली बाग ही कौतुकाचीच गोष्ट. पण मांडवाच्या तारांखाली पंधरा किलोचा पक्षी उतरत नाही. एकाच गावाच्या शिवारात एकाची निश रुंदावली आणि दुसऱ्याची आखडली, आणि यात खलनायक शोधू गेलं तर सापडत नाही.

त्यात हचिन्सन यांच्या आलेखात नसलेला एक अक्ष आला: वीजतारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, उडताना नजर खाली जमिनीकडे, समोरचं दिसतं ते फार थोडं. तार दिसते तेव्हा एवढं जड शरीर वळवायला वेळ उरत नाही. राजस्थान आणि गुजरातमधल्या तारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 2021 मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, 2024 मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे देण्यात आला. सौरऊर्जाही हवी आणि पक्षीही हवा, असा तो तंटा आहे. देशभरात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आत आहेत, आणि त्यातले जवळजवळ सगळे राजस्थानात. नान्नजला आता वर्ष-वर्ष वाट पाहून एखादा दिसला तर दिसला.

मग धर्माने या जागेच्या प्रश्नाचं काय केलं? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात स्वधर्म येतो: आपलं काम उणं असलं तरी आपलंच बरं, दुसऱ्याचं भयावह. आणि शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी ते मराठीत आणताना दृष्टान्त निवडला तो पाण्याबाहेर पडलेल्या जलचराचा. पाणी सुटलं की मरण, तसा स्वधर्म सुटला की नाश. ग्रिनेल यांच्या सव्वासहाशे वर्षं आधी मराठीने स्वधर्म ही कल्पना निशच्या भाषेत मांडून ठेवली होती. दृष्टान्त म्हणून तो निर्दोष आहे. मासा पाण्याबाहेर खरंच मरतो. प्रश्न एवढाच की माणूस मासा आहे का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला, आणि महाराष्ट्रातच विचारला. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1983 मध्ये जातिव्यवस्थेकडे परिसरशास्त्राच्या नजरेने पाहणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीची पद्धत तपासली. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर, रानमांजर धरत. फासेपारध्यांचा फास हरणं आणि पाखरांसाठी. मुलूख एकच, पण एकाचं भक्ष्य दुसऱ्याच्या हद्दीत फारसं येत नव्हतं. गाउसेच्या नळीत दोघींना जे जमलं नाही ते इथे तीन समाजांना जमलं होतं, कारण त्यांनी देवळ्या वाटून घेतल्या होत्या. जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाच्या हाती असते ती तो सहसा संपवत नाही, असा त्यांचा पुढचा तर्क.

निरीक्षण खरं आहे आणि बुद्धीला भुरळ घालणारं आहे. म्हणूनच ते सावधपणे हाताळावं लागतं. वाटून ‘घेतल्या’ म्हणायचं की वाटून ‘दिल्या’? डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच बजावलं होतं की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. वाघ आणि तरस यांच्यात उच्चनीच नाही. ते पाहणाऱ्याच्या डोक्यात असतं. गावगाड्यात मात्र देवळ्यांना उंची होती, आणि खालच्या देवळीतून वरच्या देवळीत जाण्याची वाट बंद होती. फासेपारध्याच्या जागेचं पुढे काय झालं ते सोलापूरला नीट माहीत आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात कोंडल्या. सोलापुरातला ‘सेटलमेंट’ हा भाग त्याच काळाचं नाव आजही वागवतो. तो कायदा 1952 मध्ये गेला. मग 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि हरणाला लावलेला फास हाच गुन्हा झाला. काळवीट वाचलं हे चांगलंच झालं. पण ज्याचा धंदाच पुसला त्याला तुझी निश संपली एवढंच सांगून चालत नाही. त्याला शाळा, जमीन, जातीचा दाखला द्यावा लागतो. प्राण्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, आणि माणूस व प्राणी यांच्यातला खरा फरक नेमका इथे आहे.

बाराव्या शतकातल्या शरणांनी तो ओळखला होता. कायक करायचं, पण ते जन्माने चिकटलेलं नाही आणि त्याने कुणी उंच-नीच होत नाही. चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न त्यांनी कर्नाटकातल्या कल्याणला लावलं. त्याची किंमत रक्ताने मोजावी लागली. स्वधर्म आणि कायक हे शब्द शेजारी ठेवले तर दोन्हीत काम आहे, पण पहिल्यात देवळी आधी आहे, दुसऱ्यात हात.

जीवशास्त्रातही हीच उलथापालथ झाली, फक्त आठशे वर्षांनी. हार्वर्डचे रिचर्ड लेवोन्टिन यांनी 1980 च्या दशकात रोकडा सवाल केला: राहणारा जीव नसताना रिकामी निश असते तरी कुठे? जगाचे तुकडे अगणित तऱ्हांनी पाडता येतात. झाडाच्या खोडावर चोच मारणारा पक्षी नसेल तर ‘सुतारपक्ष्याची जागा’ कुणाला दिसली असती? जीव आयत्या भोकात शिरत नाही. तो जगतो आणि जगता जगता जागा घडवतो.

याचा दाखला सोलापूर जिल्ह्यातच पाण्यावर उभा आहे. 1980 मध्ये भीमेवरचं उजनी धरण भरलं. आज तिथल्या उथळ फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि पुण्या-मुंबईचे लोक होडीतून त्यांचे फोटो काढतात. धरणापूर्वी भीमेच्या काठी रोहितांची देवळी रिकामी वाट पाहत होती का? काठावर तर गावं होती, मळे होते. ती पाण्याखाली गेली, माणसं उठली. बुडालेली जमीन, साचलेला गाळ, त्यातले सूक्ष्म जीव आणि तो चाळणारी ती वाकडी चोच हे सगळं जुळलं तेव्हा जागा झाली. आणि त्याच धरणाच्या कालव्यांनी जिल्ह्यात ऊस आणला, कोरडवाहू शिवार मागे सरलं. एकाच पाण्याने रोहिताला घर दिलं आणि माळढोकाचं आखडलं. विधात्याने कुणाची जागा कुठे नेमली होती म्हणायची?

जागेचा हा पेच जैन परंपरेतही दिसतो. सोलापूरच्या जैन ग्रंथमालेने 1943 मध्ये आपला पहिला ग्रंथ छापला तो ‘तिलोयपण्णत्ती’. तिन्ही लोकांची लांबी-रुंदी मोजून कुठल्या प्रदेशात कुठले जीव, याची बारीक मोजदाद त्यात आहे. दुसऱ्या बाजूला त्याच परंपरेतले उमास्वाती जिवांचं काम एका सूत्रात सांगून मोकळे होतात: एकमेकांच्या उपयोगी पडणं. एकाने पत्ते लिहिले, दुसऱ्याने नातं सांगितलं. माळढोकाच्या बाबतीत पहिलं पुरेसं ठरलं नाही, हे नान्नजचा माळ पाहून कुणालाही पटेल.

जुळे सोलापुरात हे नातं रोज नव्याने जुळतं. पारवा मूळचा कडेकपारीतला. त्याला चार मजली इमारतीची डक्ट ही कपारच वाटते. त्याने काही सोडलं नाही आणि नवं काही शिकलाही नाही. आपणच त्याच्यासाठी डोंगर बांधले. टिटवीचं तसं नाही. तिला उघडी, सपाट, खडीची जमीन लागते आणि दर वर्षी एकेका प्लॉटवर पाया खणला जातो. मग ती वर जाते. स्लॅबच्या गच्चीवर, वाळूखडीत अंडी घालते. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, असं जुनी माणसं म्हणतात. हल्ली बहुधा एवढाच अर्थ असतो की खाली प्लॉट उरला नाही.

गच्ची तिला पुरते, पण अर्धीच. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात, आणि आई-बाप त्यांना चारा आणून भरवत नाहीत; चारा असेल तिथे घेऊन जातात. जमिनीवर हे सोपं असतं. गच्चीला कठडा असतो, चारा नसतो आणि खाली उतरायला जिना टिटवीला ठाऊक नसतो. तेव्हा या उन्हाळ्यात गच्चीवर खडीच्या रंगाची चार अंडी दिसली तर ती हलवू नका, वाळवण दुसऱ्या बाजूला घाला, उथळ ताटलीत पाणी ठेवा. आणि पिल्लं बाहेर पडली की खोक्यात घालून अलगद खाली, जवळच्या रिकाम्या प्लॉटवर सोडा. आई-बाप डोक्यावर ओरडत मागोमाग येतातच.